आधी हात खाली आणायला शिकावे

वाचकहो, हा प्रसंग आपल्या घरी अजून घडला नसेल, तर लवकरच घडण्याचा संभव आहे. संध्याकाळच्या चहाची वेळ. बोईसर स्थानकाकडून येणाऱ्या रिक्षांची वर्दळ वाढलेली. मुलगा आणि सून औद्योगिक वसाहतीतून अजून परतलेली नाहीत. अशा वेळी शाळेतून आलेली नात दप्तर खाली ठेवता ठेवता जाहीर करते, "आजोबा, मला पिस्तूल शिकायचंय." आपल्या हातातली कपबशी क्षणभर थबकते.

थबकणे स्वाभाविक आहे. आपल्या पिढीने पिस्तूल पाहिले ते चित्रपटांत आणि वर्तमानपत्रांतील गुन्ह्यांच्या बातम्यांत. पालघर परिसरातील जुन्या घरांत तर गोळी या शब्दाला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. अशा गावात वाढलेल्या आजोबांना नातीच्या हातात पिस्तूल सहज पाहवणार नाही.

पण नातीच्या डोळ्यांपुढचे चित्र निराळे आहे. तिने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवताना पाहिले आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, हे तिला शाळेत कळले आहे. तिच्या लेखी पिस्तूल हे खेळाचे साधन आहे.

दोन्ही चित्रे खरी आहेत, आणि दोहोंमधील अंतर शिकवण्याच्या पद्धतीने ठरते. मुलांना क्लासला नेण्या-आणण्याचे काम बहुतेक घरांत आजी-आजोबांकडेच येते. म्हणून पिस्तूल नीट शिकवणे म्हणजे काय, याची जाण आपल्याला असणे अगत्याचे आहे. आणि कोणी सांगावे, नातीला सोडायला गेलेले आपणच उद्या तिच्या शेजारी उभे राहाल.

नातीबरोबर गेलेली आजी

असे घडलेले आहे. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर या आजी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या नातीला गावातील रायफल क्लबमध्ये सोबत म्हणून घेऊन गेल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. नात बिचकत होती, म्हणून तिला धीर देण्यासाठी आजीने स्वतः पिस्तूल उचलले, नेम धरला आणि तो बरोबर लागला. पुढे त्यांनी व त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांनी ज्येष्ठांच्या अनेक स्पर्धा गाजवल्या. हात स्थिर व्हावा म्हणून आपण पाण्याने भरलेला जग हातात धरून उभ्या राहत असू, असे चंद्रो आजी सांगत. 2019 मध्ये या दोघींवर हिंदी चित्रपट निघाला. 30 एप्रिल 2021 रोजी चंद्रो आजींचे कोरोनाने निधन झाले.

ऑलिंपिकच्या पातळीवरही हा खेळ वयाला फारसे जुमानत नाही. जॉर्जियाच्या नीनो सालुकवाद्झे यांनी 1988 मध्ये सोलला पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले आणि 2024 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, पॅरिसला त्या आपल्या दहाव्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या. तिथेच तुर्कस्तानच्या 51 वर्षांच्या युसुफ डिकेच यांनी रौप्यपदकात वाटा उचलला. या खेळात धावणे नाही, उडी नाही. स्थिर उभे राहणे, पाहणे आणि थांबणे एवढेच आहे. आणि थांबणे ही गोष्ट वय माणसाला बऱ्यापैकी शिकवते.

पहिल्या दिवशी पिस्तूल नको

नवशिक्याने एअर पिस्तुलापासून आरंभ करावा. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. अंतर दहा मीटर. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि त्याचे वजन साधारण एक किलो भरते. स्पर्धेत सव्वा तासात साठ नेम मारावे लागतात.

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती हे पिस्तूल देत नाही. तो आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहतो. ही परीक्षा आपणही घरी करू शकाल. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये लहानशी फट ठेवावी आणि तीतून दोन्ही डोळ्यांनी समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना घड्याळ फटीत टिकून राहते, तो आपला प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या व्यक्तीचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर प्रशिक्षकाला धरण्याच्या पद्धतीचा वेगळा विचार करावा लागतो. हे महिनाभराने कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेले बरे.

त्यानंतर उभे राहणे. पाय खांद्याइतके अंतर ठेवून, शरीर लक्ष्याला आडवे, दोन्ही पायांवर सारखा भार, मोकळा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. विद्यार्थ्याने डोळे मिटून रिकामा हात उचलावा आणि डोळे उघडावेत. हात लक्ष्याच्या एका बाजूला गेलेला दिसला, तर मनगट वळवून तो ओढून आणू नये. पावले किंचित सरकवावीत. सगळे शरीर लक्ष्याकडे वळले की हाताला झगडावे लागत नाही.

चार नियम

पिस्तूल हाती येण्याआधी चार गोष्टी पाठ झाल्या पाहिजेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर सरळ ठेवावे. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याखेरीज चाप ओढू नये.

रायफलपेक्षा पिस्तुलाबाबत हे नियम अधिक कसोशीने का पाळावे लागतात, हे समजून घ्यावे. रायफल लांब असते. ती वळवायची तर सारे अंग वळवावे लागते आणि ते शेजाऱ्याला दिसते. पिस्तूल मात्र नुसत्या मनगटाने फिरते. "काका, हे अडकलंय," असे म्हणत मूल मागे वळते, तेव्हा नळीचे तोंड अर्ध्या खोलीवरून फिरून गेलेले असते. म्हणून नवशिक्याला पहिली सवय लावतात ती अशी: काहीही अडले, तर पिस्तूल लक्ष्याकडेच तोंड करून टेबलावर ठेवायचे, रिकामा हात वर करायचा आणि प्रशिक्षकाची वाट पाहायची.

रेंजवर 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' आणि 'अनलोड' या आज्ञा चालतात. 'स्टॉप' म्हटल्यावर अर्धवट ओढलेला चापही सोडून द्यायचा. वापरात नसलेल्या पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दिसली की नळी रिकामी आहे हे दुरूनही कळते. लक्ष्याजवळ कोणी जाण्यापूर्वी सगळ्या टेबलांवरच्या पिस्तुलांत ही दोरी दिसली पाहिजे.

येथे सोबत येणाऱ्या आजी-आजोबांनीही एक पथ्य पाळावे. नेम धरलेल्या मुलाला मागून हाक मारू नये, पाठीवर कौतुकाची थापही देऊ नये. दचकलेल्या माणसाची मूठ आपोआप आवळते, आणि त्या मुठीत चाप असतो.

नेम कसा लागतो

नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे लक्ष्याकडे टक लावून पाहणे. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे एक उंचवटा. नजर त्या पुढच्या उंचवट्यावर रोखायची. तो रेखीव दिसला पाहिजे आणि मागच्या खाचेत बरोबर मध्यभागी बसला पाहिजे. दहा मीटरवरचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. उंचवटा खाचेत एका अंशाने जरी तिरका झाला, तरी दहा मीटरवर छर्रा सुमारे सतरा सेंटिमीटर बाजूला, म्हणजे केंद्रापासून एका फलकाच्या रुंदीएवढा दूर जातो. उलट दोन्ही खुणा जुळलेल्या असतील, तर हात थोडा डोलला तरी फारसे बिघडत नाही. हात सगळ्यांचाच डोलतो, पदकविजेत्यांचाही. तो डोलणे स्वीकारून, बोट सरळ मागे, अखंड आणि सावकाश आणायचे, हे खरे कौशल्य. छर्रा सुटल्यावरही दोन क्षण तसेच उभे राहायचे.

म्हणून उत्तम प्रशिक्षक पहिले काही दिवस लक्ष्याच्या जागी कोरा पांढरा कागद लावतो. गुण नाहीत, वर्तुळे नाहीत. छर्ऱ्यांची भोके एकमेकांजवळ पडतात का, एवढेच पाहायचे. भोके जवळ जवळ पडू लागली म्हणजे विद्यार्थी प्रत्येक वेळी तीच कृती करू लागला. मग तो पुंजका मध्यभागी आणणे साइटच्या स्क्रूचे काम असते. शंभरदा छर्ऱ्याविना चाप ओढण्याचा सराव आणि वीसदा छर्ऱ्यासह, असे प्रमाण ठेवणारा प्रशिक्षक मुलांना कंटाळवाणा वाटेल. पालकांनी मात्र त्याच्यावर विश्वास ठेवावा.

खाली आणलेला हात

आता या विद्येच्या गाभ्याशी येऊ. हात उचलायचा, श्वास सहजपणे थोडा सोडायचा, हात लक्ष्यावर स्थिरावू द्यायचा आणि सहा ते आठ सेकंदांत चाप पूर्ण ओढला जायला हवा. तेवढ्यात ओढला गेला नाही, तर काय? नवशिका तसाच रेटत राहतो. डोळा शिणतो, स्नायू थरथरू लागतात, श्वास कोंडतो आणि अखेर "आता एकदाचा सुटू दे" म्हणून तो चाप हिसकतो. छर्रा भलतीकडे जातो.

शहाण्या प्रशिक्षकाचा विद्यार्थी अशा वेळी बोट चापावरून काढतो, हात टेबलापर्यंत खाली आणतो, दोन-तीन श्वास घेतो आणि पुन्हा आरंभ करतो. ही माघार नव्हे. तोच नेमबाजीचा पहिला आणि शेवटचा धडा आहे. त्याने गुण वाढतात, कारण वाईट नेम मारलाच जात नाही. त्यानेच अपघात टळतात, कारण मनात शंका असताना न मारण्याची सवय बोटाला लागते. सुरक्षितता आणि कौशल्य हे दोन वेगळे तास नाहीत. हात खाली आणणे या एकाच कृतीत दोन्ही सामावलेली आहेत.

आपण बाकावर बसून नातीचा सराव पाहत असाल, तर गुण मोजू नका. तिने किती वेळा हात खाली आणला ते मोजा, आणि घरी जाताना शाबासकी त्याबद्दल द्या.

साठीनंतर शिकताना

स्वतः शिकायची इच्छा असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. हात लांब करून वजन धरण्याने रक्तदाब तात्पुरता वाढतो आणि श्वास कोंडल्यास तो आणखी चढतो. म्हणून छाती भरून श्वास रोखू नये. श्वास सोडल्यावर जी स्वाभाविक विश्रांती येते, तेवढीच पुरे. आखडलेला खांदा, मानेचा स्पाँडिलोसिस, तोल जाणे किंवा अलीकडे आलेली चक्कर यांचा उल्लेख डॉक्टरांकडे अवश्य करावा. मधुमेह असल्यास उपाशीपोटी जाऊ नये. साखर उतरली की हात कापतो.

डोळ्यांचा प्रश्न चाळिशीनंतर प्रत्येकाला येतो. पुढची साइट डोळ्यापासून हातभर अंतरावर असते. वाचण्याच्या चष्म्याला ती दूर पडते आणि लांबच्या चष्म्याला जवळ. उपाय सोपा आहे. रेंजवर हात लांब करून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी टेपने मोजून घ्यावे आणि नेत्रतज्ज्ञांना तेवढ्या अंतरासाठी प्रबळ डोळ्याचा नंबर काढण्यास सांगावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही हाच मार्ग. मोजमापाचा कागद न्यावा. पिस्तूल घेऊन दवाखान्यात जाऊ नये, हे सांगायला नकोच. दुसरा डोळा घट्ट मिटू नये, कारण त्याने उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावतात.

कानांविषयी तारापूर पट्ट्यातील वाचकांना वेगळे सांगावे लागेल. ज्यांची तीस वर्षे लूमच्या किंवा रोलिंग मिलच्या आवाजात गेली, त्यांच्या ऐकण्यातील वरच्या पट्टीचे सूर बहुधा आधीच गेलेले असतात. अशांनी प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी तसे सांगावे आणि आज्ञेबरोबर हाताची खूणही मागून घ्यावी. एअर पिस्तुलाचा आवाज सौम्य असतो, पण दारूच्या काडतुसाचे पिस्तूल 140 डेसिबलहून मोठा धमाका करते; त्या रेंजवर कर्णरक्षक लावल्याशिवाय क्षणभरही उभे राहू नये.

औषधांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. रक्तदाब, हृदयविकार किंवा हातांचा कंप यांसाठी दिली जाणारी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांत ती निषिद्ध आहेत. सरावाला आपण अवश्य जावे. स्पर्धेसाठी वैद्यकीय सवलतीची रीतसर परवानगी लागते. पदकाच्या मोहाने औषध स्वतःहून कदापि बंद करू नये. ती अचानक थांबवणे हृदयाला धोक्याचे असते.

शेवटचे पथ्य शिशाचे. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज वडापाव, चहा, तंबाखू काहीही तोंडाजवळ नेऊ नये. सरावाचे कपडे बदलूनच धाकट्या नातवंडांना उचलून घ्यावे. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

क्लब पारखताना

नेमबाजीला मराठी मातीचा मोठा वारसा आहे. 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते; त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते. वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांसारख्या रायफलपटू घडल्या. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्याने मुंबई आपल्याला जवळ आली आहे. तरी बोईसरहून दादरपर्यंत जवळपास दोन तास मोडतात, आणि थकलेल्या मुलाचा नेम लागत नाही. दहा मीटरची रेंज मात्र एखाद्या शाळेच्या सभागृहातही उभी राहू शकते. असा वर्ग आपल्या जवळ दिसला, तर पैसे भरण्यापूर्वी अर्धा तास नुसते बसून पाहावे.

रेंज राज्य किंवा जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? लक्ष्यामागे भक्कम भिंत व छर्रे अडवणारी पेटी आहे का? नेमबाजांच्या पुढच्या बाजूला उघडणारे दार वा खिडकी नाही ना? आज्ञा एकच व्यक्ती देते का? एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती नवशिके आहेत? पिस्तुले कुलपात जातात का आणि त्यांची नोंद होते का? भिंतीवरची पदके सर्वांत शेवटी पाहावीत.

घरातले शस्त्र

4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. म्हणून ते खेळणे ठरत नाही. त्याचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. घरी आणलेच, तर पिस्तूल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी.

काही घरांत परवान्याचे खरे शस्त्रही असते: निवृत्त जवानाचे, सुरक्षारक्षकाचे किंवा शेतीच्या राखणीसाठी घेतलेले. तेथे शुश्रूषा करणाऱ्यांना एक अवघड जबाबदारी पार पाडावी लागते. वडील विसरू लागले, रात्री दचकून उठू लागले, घरच्यांनाच परके समजू लागले, किंवा जोडीदाराच्या जाण्यानंतर "आता माझा काय उपयोग" असे म्हणू लागले, तर शस्त्र त्याच आठवड्यात घराबाहेर गेले पाहिजे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते जमा करता येते. परवानाधारकाच्या निधनानंतरही वारसांना ते घरात तसेच ठेवता येत नाही. मनाच्या अशा अवस्थेसाठी शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

हे बोलणे जड जाते. ज्या वडिलांनी आयुष्यभर शस्त्राची शिस्त पाळली, त्यांच्याकडून ते मागायचे कसे? त्यांनाच त्यांचा धडा आठवून द्यावा. "बाबा, शंका आली की हात खाली आणायचा, हे तुम्हीच शिकवलंत. आता आम्हाला शंका येतेय." शस्त्र वापरणाऱ्या माणसाला ही भाषा समजते.

आणि त्या संध्याकाळी कपबशी हातात घेऊन थबकलेल्या आजोबांनी नातीला काय उत्तर द्यावे? "जाऊ या. पण पहिला महिनाभर तू किती मारलेस ते मी विचारणार नाही. किती वेळा थांबलीस, ते मला सांगायचं."